माळशेज, मार्गे रखमाबाई

आम्ही माळशेज घाटात पोचलो नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या सोसायटीच्या नोंदवहीत, पान अठ्ठ्याऐंशीवर, 'माळशेज घाट मोटरसायकल सहल यशस्वीरीत्या पार पडली' अशी सहीशिक्क्यानिशी नोंद आहे. डोंबिवलीत नोंदवही आणि वस्तुस्थिती यांचं भांडण झालं, तर वस्तुस्थितीने गुपचूप जिना उतरून निघून जायचं असतं. तेव्हा आम्ही पोचलो, असं धरून पुढे जाऊ.

प्रश्न माझ्या गाडीचा होता. डोंगरात फिरायला म्हणून घेतलेली ही मोटरसायकल दोन वर्षांत घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर एवढंच फिरलेली. त्या प्रवासातला सगळ्यात उंच भाग म्हणजे पुलाचा चढ. बाबा ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. कार्यालयाने त्यांना सोडलं, त्यांनी कार्यालयाला सोडलेलं नाही.

"वाहन डोंगरासाठी मंजूर झालेलं," ते एका सकाळी चहा पिताना म्हणाले. "वापर स्टेशनासाठी चाललाय. हा प्रयोजनबदल आहे."

पाठोपाठ खडवलीहून कुंडलिकमामा आले. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. दुधाचा धंदा, आणि जुन्या गाडीने नुकतीच मान टाकलेली. चहाही न घेता ते खाली गेले, खिशातून टेप काढली आणि माझ्या गाडीची मागची बाजू मोजली. मी गॅलरीतून बघत होतो. आपल्या धडधाकट माणसाचं कोणीतरी तिरडीसाठी माप घेतंय, असं वाटलं.

"दोन कॅन इकडे, दोन तिकडे," मामा वरती बघत ओरडले. "मधे मी. फिट्ट!"

मी खूप आरडाओरडा केला. शेवटी बाबांनी एक कागद काढला. वर 'अटी व शर्ती', खाली 'प्रत: सौ. आई'. येत्या रविवारी मी गाडी खरोखर डोंगरात नेऊन दाखवायची. अट एक, संध्याकाळी सहाला गाडी सोसायटीच्या गेटात उभी पाहिजे. अट दोन, अंगावर ओरखडा नको. गाडीच्या. अट तीन, जिथे जातो म्हणून सांगितलं तिथेच जायचं. तिन्ही अटी पाळल्या तर गाडी माझी. एक जरी मोडली तर सहा वाजता कुंडलिकमामा येतील आणि गाडी घेऊन जातील.

"कुठे जाणार?" बाबांनी पेन उघडलं.

"माळशेज घाट," मी म्हणालो. त्यांनी ते लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आता एकट्याने गेलो असतो तर ही कथा इथेच संपली असती. पण मी सोसायटीच्या ग्रुपवर 'रविवारी माळशेज, कोण कोण?' असं टाकलं. पंधरा मिनिटांत आठ नावं आणि चाळीस सल्ले आले. डिसेंबरात धबधबे नसतात, मग घाटात बघणार काय? घाटात पोटात दही असावं. घाटात पोटात दही अजिबात नसावं. हे शेवटचे दोन सल्ले एकाच घरातले होते, आणि त्या घरात अजून बोलणं बंद आहे.

त्यानंतर सेक्रेटरी प्रशांतकाका वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "साईनाथ, सोसायटीच्या आठ गाड्या एकाच वेळी गेटबाहेर पडणार म्हणजे ती सोसायटीची कृती होते. ठराव लागेल."

"काका, आम्ही फिरायला चाललोय."

"तेच. फिरायला जाण्याचा ठराव."

ठराव झाला. त्यात काका 'सहलप्रमुख (पदसिद्ध)' झाले, कारण सेक्रेटरीशिवाय सोसायटी गेटबाहेर जाऊ शकत नाही. त्यांच्याकडे स्कूटर आहे, हे कोणी काढलं नाही. इतिवृत्तही त्यांनी त्याच बैठकीत लिहून टाकलं. म्हणजे सहल जायच्या चार दिवस आधीच ती यशस्वीरीत्या पार पडली. विचारलं तर म्हणाले, "नंतर वेळ मिळत नाही रे. आम्ही वार्षिक सभेचंही असंच करतो."

आणि शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या रखमाबाई आल्या. हातात पिशवी.

"साई, मुरबाडवरनंच जाणार ना रे?"

या प्रश्नाला 'हो' म्हणायचं नसतं हे मला आता कळलंय. आपल्याकडे माणूस कुठे जातो याला महत्त्व नाही, कुठून जातो याला आहे. तुम्ही मुरबाडवरून जाताय एवढं कळलं की तुम्ही प्रवासी उरत नाही, तुम्ही टपाल होता.

"रसिकाचं लगीन ठरलंय," त्या म्हणाल्या. रसिका म्हणजे त्यांची नात. "तिकडच्या तीनच पत्रिका राहिल्यात. वाटेतच आहेत."

मी आईकडे बघितलं. आईने खिडकीतून खाली पार्किंगकडे बघितलं. माझी गाडी उभी राहते ती जागा रखमाबाईंची आहे, त्यांच्याकडे वाहन नाही म्हणून. म्हणजे पत्रिकांना नाही म्हटलं तर गाडी राहिली तरी उभी करायला जागा नाही. मी पिशवी घेतली.

"दारातनं द्यायची नाही हां," रखमाबाई जिन्यातून बोलत राहिल्या. "घरात बसून द्यायची. कुंकू लावून, हातात अक्षता देऊन. घरच्या कर्त्याच्याच हातात. आणि काहीतरी तोंडात घातल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर म्हणतील रखमाच्या माणसांना आमचं चालत नाही. पहिली धाकूतात्याला, मग गोदूबाईला, शेवटी मारुतीला. मान तसाच आहे."

रविवारी सकाळी सहाला निघायचं होतं. आठपैकी चार जण आले. एकाची बायको नको म्हणाली, एकाची गाडी नको म्हणाली, दोघांनी फोनच उचलला नाही. उरलो मी, पहिल्या मजल्यावरची क्षिप्रा, विठ्ठलवाडीला राहायला गेला तरी सोसायटीच्या ग्रुपवर राहिलेला माझा मित्र आर्यन, आणि प्रशांतकाका. क्षिप्रा बँकेत आहे आणि आमच्यात एकटीच अशी की जिला गाडी खरोखर चालवता येते. आर्यनने गुडघ्याला कवच, कोपराला कवच, छातीला कवच आणि हेल्मेटवर कॅमेरा लावलेला. काकांनी कानटोपीवर हेल्मेट घातलेलं, त्यामुळे ते बसत नव्हतं, डोक्यावर नुसतं ठेवलेलं होतं.

नारळ फुटला नाही. तीनदा आपटला. चौथ्यांदा काकांचा हात सुटला आणि तो माझ्या गाडीच्या टाकीपासून चार बोटांवरून गेला. अट दोन तिथेच मोडायची होती.

"वाचली," क्षिप्रा म्हणाली.

"शुभ आहे," काका म्हणाले.

सात वीस झालेले.

आता भूगोल सांगतो, कारण पुढचं सगळं संकट भूगोलाचं आहे. कल्याणहून घाटाकडे जाताना आधी मुरबाड लागतं, मग सरळगाव, मग टोकावडे, आणि मग घाट. गोदूबाई मुरबाडला, मारुती सरळगावला, आणि धाकूतात्या टोकावड्याच्याही पुढे. पण मानात धाकूतात्या पहिले. म्हणजे आधी थेट पुढे जायचं, मग मागे मुरबाडला यायचं, मग पुन्हा पुढे सरळगावला.

"जाताजाता मुरबाडची देऊन टाकू," मी म्हणालो. "कोणाला कळणारे?"

काकांनी स्कूटर कडेला घेतली. हेल्मेट काढलं. कानटोपी काढली. म्हणजे गंभीर होतं.

"साईनाथ, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात धाकट्या काकाला पत्रिका आधी गेली. थोरले काका मांडवात आले, पण जेवले नाहीत. एकोणीसशे ब्याऐंशी साल. अजून जेवलेले नाहीत."

आम्ही मुरबाड मागे टाकलं.

धाकूतात्यांच्या दारात दहाला पोचलो. तात्या शेतावर गेलेले. सून म्हणाली, बसा, येतीलच. 'येतीलच' या शब्दाची मुदत गावात किती असते हे कोणीतरी एकदा ठरवायला हवं. पत्रिका सुनेच्या हातात द्यायची सोय नव्हती. आम्ही ओटीवर ओळीने बसलो. आर्यनला कवचांमुळे गुडघे वाकवता येत नव्हते, तो पाय सरळ पुढे करून भिंतीला टेकलेला. समोर अंगणापलीकडे डोंगराची अख्खी रांग उभी होती.

"तो घाट ना?" क्षिप्रा म्हणाली.

"चौदा किलोमीटर," मी मोबाइलवर बघून म्हणालो.

"आत्ता जाऊन येऊ. तासाभरात परत."

"आणि तेवढ्यात तात्या आले तर?" काका म्हणाले. "पत्रिकावाले दार सोडून गेले, हे बरं दिसतं?"

दहा चाळीसला बाबांचा मेसेज आला: 'स्थान कळवा.' मी 'टोकावडे' लिहिलं. लगेच उत्तर: 'नोंद घेतली. कुंडलिक चारला निघणार.'

अकराला मी एकटाच गाडीकडे गेलो. चावी लावली. तेवढ्यात आतून सुनेने हाक मारली, "दादा, भाकरी टाकलीय हां तुमच्या सगळ्यांच्या!" चुलीवर आपल्या नावाची भाकरी पडल्यावर निघून जाणाऱ्या माणसाबद्दल तिकडे काय बोलतात, ते मला ऐकायचं नव्हतं. मी चावी काढली.

तात्या साडेअकराला आले. कुंकू लावून घेतलं, अक्षता घेतल्या, पत्रिका लांब धरून पूर्ण वाचली. मग विचारलं, "गोदूकडं गेलाव का आधी?"

"नाही नाही!" आम्ही चौघं एका आवाजात.

तात्यांचा चेहरा खुलला. "मग जेवा आता दमानं."

दमानं जेवण्यात दमच जातो. भाकरी, वालाचं बिरडं, भात, परत भात. मी घड्याळाकडे बघितलं की तात्या वाढायला सांगायचे, कारण त्यांना वाटायचं मी लाजतोय. मी एकूण चार वेळा बघितलं.

साडेबाराला उठलो. रस्त्यावर आलो. डावीकडे घाट, उजवीकडे मुरबाड. क्षिप्राने गाडीचं तोंड डावीकडे केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हिशेब मांडला. आत्ता घाट केला तर दोन घरं राहतात, दोन घरं केली तर घाट राहतो, आणि तिन्ही केलं तर सहा वाजून जातात.

"आपण डोंगर बघितला," काका समजुतीने म्हणाले. "डोंगराने आपल्याला बघितलं. आणखी काय असतं सहलीत?"

"अट तीन असते," मी म्हणालो. पण हात आपोआप उजवीकडे वळला. पार्किंगची जागा रखमाबाईंची होती.

मुरबाडला गोदूबाईंनी आमचे चेहरे बघितले आणि पहिला प्रश्न टाकला. "जेवलाव धाकूकडं?"

खरं बोलायचं की नाही, हे ठरेपर्यंत आर्यनला ढेकर आली.

"त्याच्याकडं जेवलाव, म्हणजे माझ्याकडं पण जेवणार," गोदूबाई म्हणाल्या. हा जेवणाचा आग्रह नव्हता, निकाल होता. एक तास दहा मिनिटं. माझा श्वास वर वर चाललेला. निघताना त्यांनी नव्या तांदळाचं अर्धं पोतं बाहेर आणलं. "रखमाला द्या. वाटेतच आहे ना?" पोतं माझ्या मागच्या सीटवर सुंभाने बांधलं. गाठ पडताना सुंभ रंगावरून घासत गेला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ओरखडा नव्हता. नव्या तांदळाचा भुसा होता. फुंकर मारली, गेला.

सरळगावला मारुतीच्या घराला कुलूप. पावणेचार. काकांनी रखमाबाईंना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

"मारुती?" पलीकडून रखमाबाई म्हणाल्या. "अरे तो इथेच बसलाय माझ्यासमोर. चहा पितोय. बोल मारुती."

"नमस्कार," मारुती म्हणाला.

क्षिप्रा गाडीवरून उतरली आणि थोडा वेळ रस्त्याच्या कडेने चालून आली.

"मग पत्रिका तिथेच द्या ना त्यांना," मी म्हणालो.

"असं कसं? त्याच्या उंबऱ्यावर द्यायला नको? मान आहे त्याचा."

"राहू दे," मारुती उदारपणे म्हणाला. "पुढच्या रविवारी या."

आम्ही सुटलो. पहिल्यांदाच त्या दिवशी सहल मोटरसायकलची वाटली, कारण कोणी बोलत नव्हतं. मुरबाड, मग गोवेली. चार पस्तीस. जवळजवळ दीड तास हातात. काकांची स्कूटर मागे पडलेली, पण अटींमध्ये काका नव्हते.

आणि गोवेली नाक्यावर, टपरीशेजारी, हात वर करून कुंडलिकमामा उभे.

त्यांना सोडायला निघालेल्या माणसाची गाडी तिथेच बंद पडलेली. मी नाही बघितलं, असं मला म्हणता आलं असतं. मामा तिथेच राहिले असते, सहाला गाडी न्यायला कोणी आलंच नसतं आणि गाडी वाचली असती. पण एक तर ते आईचे भाऊ. दुसरं म्हणजे त्यांनी मला ओळखण्याआधी माझी गाडी ओळखली.

"अरे वा! माझीच गाडी आली न्यायला!"

मामा बसले. माझ्या मागे तांदूळ, तांदळामागे मामा. आता माझी दोन कामं होती आणि ती एकमेकांच्या विरुद्ध होती. सहाच्या आत पोचायचं, म्हणजे नीट चालवायची. आणि मामांना ती नकोशी व्हावी, म्हणजे वाईट चालवायची. मी दोन्ही केलं. वेगात गेलो आणि दिसेल त्या खड्ड्यात घातली. गतिरोधकावर ब्रेक मारला नाही. एका ठिकाणी खड्डा बाजूला होता, तरी वाकडी वाट करून त्यात गेलो.

"काय बसते गाडी!" मामा तांदळावरून ओरडले. "पाठीला कळलंसुद्धा नाही! कॅन हलायचे नाहीत यात!"

रायते गावाच्या पुढे मी मुद्दाम चढावर वरचा गिअर टाकला. गाडीने कुरकुर करावी ही अपेक्षा. तिने केली नाही. तिला काय ठाऊक?

"पोतं, तू, मी," मामा मोजत होते. "आणि हूं नाही की चूं नाही. चाराऐवजी सहा कॅन नेईन."

शहाडच्या पुलाखाली वाहनांची रांग लागलेली. पाच पाच. पाच वीस. पाच पस्तीस. रिक्षाच्या मागच्या काचेत मला माझा चेहरा दिसत होता. कपाळावर दोन घरचं कुंकू, घामाने नाकापर्यंत आलेलं. शेजारच्या गाडीवरच्या बाईने आपल्या नवऱ्याला माझ्यासाठी वाट द्यायला सांगितली. तिला वाटलं अपघात झालाय.

सोसायटीच्या गेटात शिरलो तेव्हा बाबा मनगट वर धरून उभे होते.

"सहा वाजून चार मिनिटं."

मी इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं. मामा उतरले, कंबर सरळ केली, गाडीच्या टाकीवर थोपटलं. मालकच असं थोपटतो.

"दाजी," मामा म्हणाले, "पोरगा वेळेत होता. माझ्यासाठी थांबला. मला गोवेलीला टाकून आला असता तर साडेपाचलाच इथं असता. चार मिनिटं माझ्या नावावर घाला."

बाबांनी विचार केला. मग कागदावर लिहिलं: 'विलंब क्षमापित.' अट एक सुटली. मग त्यांनी गाडीची किल्ली काढून हातात घेतली आणि ते गाडीभोवती चष्मा लावून फिरले, दोनदा. अट दोन सुटली. मी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

"अट तीन. घाटात गेलेलात?"

क्षिप्रा बुटाची लेस बांधू लागली. तिच्या बुटांना लेस नाही. तेवढ्यात प्रशांतकाकांची स्कूटर आत आली. काका उतरले आणि श्वास न घेता म्हणाले, "नोंदवहीत आहे. यशस्वी. पान अठ्ठ्याऐंशी."

"नोंद असेल तर प्रश्नच नाही," बाबा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी नोंदीवर विश्वास ठेवलाय. मी किल्लीसाठी हात पुढे केला.

"फक्त पुरावा जोडा. घाटातला एक फोटो."

सगळ्यांनी आर्यनच्या हेल्मेटकडे बघितलं. त्या कॅमेऱ्यात दहा तासांचं चित्रण होतं. त्यात धाकूतात्यांच्या अंगणातली एक कोंबडी साधारण दीड तास आहे.

"बॅटरी संपलेली काका," आर्यन म्हणाला. मित्र असावा तर असा.

"हरकत नाही. त्रुटी राहिली, एवढंच." बाबांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "पंधरा दिवसांत पूर्तता करा. फोटो त्याच तारखेचा हवा. तोपर्यंत चावी कार्यालयात."

"मी थांबतो की पंधरा दिवस," मामा म्हणाले, आणि सहा कॅनसाठी पुन्हा टेप काढली.

आज तेरावा दिवस आहे. त्यामुळे खालील अर्ज आजच रवाना करत आहे.

प्रति,
मा. मुख्य अभियंता (डोंगर स्थलांतर),
असं पद नसल्यास, हा विषय ज्यांच्याकडे येत नाही ते सर्व अधिकारी.

विषय: माळशेज घाट चौदा किलोमीटर अलीकडे आणण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर घाट टोकावड्यापुढील धाकूतात्यांच्या अंगणापर्यंत पूर्वलक्षी प्रभावाने आणण्यात यावा. अर्जदार त्या दिवशी तिथे हजर होता, घाट नव्हता. घाट कायमचा नको आहे. रविवारी सकाळी दहा ते दुपारी साडेबारा, एवढ्या वेळेपुरताच द्यावा. पूर्ण घाट देणं शक्य नसल्यास एक वळण चालेल. घाट मूळ जागी परत नेऊन ठेवण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील, मात्र त्यासाठी अर्जदारास वाहन लागेल, आणि ते सध्या या अर्जाच्या निर्णयाअभावी अडकून पडलेलं आहे. तरी परवापर्यंत मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.